उभं-आडवं

आधी उभी रेघ, मग तिला काटकोनात आडवी.
बाण गाठीच्या एका काठावर टेकवायचा,
दुसऱ्या काठापर्यंत ओढत न्यायचा, सोडायचा.
पडद्यावर पिवळा आकडा उमटतो.
मानेत डावीकडे अठ्ठावीस बाय एकोणीस.
काखेत एकतीस बाय बावीस.
छातीच्या मधोमध, श्वासनळीला खेटून, चौसष्ट बाय चाळीस.
सगळे मिलिमीटर. सगळे डोमाजी निखारे,
पुरुष, एकसष्ट, राहणार तांडापेठ, धंदा विणकर.
शेजारी वेगळ्या शाईत कुणीतरी लिहिलंय: माग बंद.

मे महिना. मेडिकलच्या व्हरांड्यात शेहेचाळीस अंश,
आत मशीनसाठी एकोणीस.
डोमाजी दुपट्टा छातीशी धरून म्हणाले,
"मशीनले लय जपता जी तुम्ही."

मग मी ठरलेलं विचारलं.
ताप येतो? वजन उतरलं? रात्री घाम?
अनुसयाबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.
नागपुरात, मे महिन्यात, रात्री घाम.
"मॅडम, घाम तं भितीलेबी येऊन रायला."
थोड्या वेळानं, पदर बोटाला गुंडाळत,
"पण थंडीतबी येत होता यायले.
चार वाजता चादर पिळून दोरीवर टाकत होती मी.
शेजारीण विचारे, इतक्या पहाटे कोणाचं धुणं?"

वजन मात्र भंगारवाल्याच्या काट्यावरचं,
दिवाळीतलं, आणि तोही काटा मारतो म्हणे.

स्टेजपुढचं अक्षर त्या चादरीनं ठरलं.
आकडा राहिला होता.
छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा एक पडदा आहे.
सगळ्या गाठी वरच असतील तर दोन.
एखादी ओलांडून खाली उतरली असेल तर तीन.
खाली एकच सापडली. जांघेत, उजवीकडे.
पंधरापर्यंत आम्ही तिला काही म्हणत नाही.

पहिल्यांदा सोळा आली.
दुसऱ्यांदा चौदा.
चहा पिऊन आले, तर पंधरा पूर्णांक दोन.
गाठ तीच, संध्याकाळ तीच, बोटही माझंच.
पोफळी सरांनी मोजली, सतरा निघाली.
"काठ कुठे धरतेस त्यावर आहे," ते म्हणाले,
आणि जाता जाता,
"पाय बघितलेस का त्यांचे?"

नव्हते बघितले. मान, काख, पोट, सगळं चाचपलं होतं,
पाय चादरीखाली होते.

वॉर्डात गेले. उजव्या टाचेला भेग,
नाणं उभं राहील एवढी खोल, काठाला पिवळट.
"खड्ड्याच्या मागावर चाळीस वर्षं पावडी मारली," डोमाजी म्हणाले,
"अनवाणीच. चप्पल घातली तं पायाले धागा समजत नाही."
अशी टाच असली की जांघेत गाठ येते.
अशी टाच नसली तरी येते.

"का निघालं जी?"
मी खरं ते सांगितलं: कधी चौदा, कधी सतरा.
मला वाटलं, रागावतील.
ते उठून बसले. सुईचा हात जपत
दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी धरलं.
"कापड ताणून मोजलं तं बोटभर वाढते.
सैल धरलं तं गिऱ्हाईक भांडते.
मागावरून उतरलं का रातभर घडी मोडून ठेवाचं, मंग मोजाचं.
तुमचंबी तसंच दिसते.
मोजा आणखी. फक्त ताणू नोका."

अहवालात मी पंधरा लिहिलं.
खाली लिहिलं, उजव्या टाचेला जुनी जखम, संबंध पाहावा.
स्टेजची जागा पेन्सिलनं भरली, दोन, मग खोडली.
पेट स्कॅनची तारीख गुरुवारची मिळाली.

बाहेर व्हरांड्यात कूलरपुढच्या बाकड्यावर
अनुसयाबाई शेजारच्या बाईला दाखवत होत्या, केवढी आहे ते.
अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थोडी फट.
मी जवळून गेले तशी
त्यांनी ती जराशी मिटवली,
माझ्याकडे न बघता.