पाचामुखी

सारेमा बेटाच्या दक्षिण टोकाला,
जिथे एस्टोनियाची जमीन निमुळती होत पाण्यात जाते,
पक्षी मोजायच्या चौकीत
एका जुन्या डब्यात पाच डिस्क आहेत.
डबा बटाट्याच्या पोत्याशेजारी. तिथेच गारवा बरा राहतो.

उर्वे म्हणते, वेगळं कार्ड नको.
हेल्डुरनं घेतलं होतं एक, महागातलं.
एका मार्चमध्ये कार्ड मेलं,
डिस्क सगळ्या धडधाकट, आणि एकीलाही बोलता येईना:
दुभाषा अर्ध्यावर सोडून गेल्यावर
परक्या स्टेशनात उभ्या राहिलेल्या बायका जशा.
तसलं कार्ड पुन्हा मिळेना. कंपनीच उठून गेलेली.
म्हणून आता सगळं सॉफ्टवेअरवर.
डिस्क काढा, शाळेतल्या मोडक्या कॉम्प्युटरला लावा,
एकमेकींना ओळखतात.

हिशेबही शाळेतलाच.
चौघी सांगतात, पाचवी सम की विषम
तेवढं धरून ठेवते, हातचा धरावा तसं.
पाचवीचं काम पाळीनं फिरतं.
कुणीही एक गेली
तर उरलेल्या चौघींकडून तिचं म्हणणं काढून घेता येतं.
दोघी गेल्या तर मात्र नाही.
आणि पाचही एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या;
एकीचा खोकला दुसरीला लागणारच.
उर्वेला ठाऊक आहे. ती त्यावर बोलत नाही.

नोव्हेंबरात वादळानं वीज नेली.
बॅटरी चार मिनिटं टिकली.
वीज आली, सगळे दिवे हिरवे.
महिन्याच्या तपासणीत एक ओळ:
आठ जागी जमत नाही.

एवढंच.
वीज की वय, कशानं, ते लिहीत नाही.
भांडण झालंय हे कळतं, खोटं कोण बोलतंय हे नाही.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात,
पण पाचांतच फाटलं तर तो कुणाच्या तोंडी असतो?

दोन रात्री खपून तिनं जागा शोधली.
एक तक्ता, नऊ वर्षांपूर्वीचा,
चौदा ऑक्टोबर, सकाळचे हंस.
डिस्क म्हणते त्रेचाळीस.
बाकीच्या चौघींवरून काढलं तर एकेचाळीस.
एक कण इकडचा तिकडे. दोन हंस.

सहावी डिस्क कुरेसारेला, बहिणीच्या घरी असते.
दर शुक्रवारी उर्वे ती लोकरी मोज्यात गुंडाळून नेते-आणते,
कारण चुकून पुसलेलंही या पाचजणी
तितक्याच इमानानं पुसतात, पाचही ठिकाणी.
सहावी म्हणाली त्रेचाळीस.
पण तीही यांच्याकडूनच शिकलेली.

मग वही काढली.
हेल्डुरची पेन्सिल, पावसानं फुगलेलं पान:
‘चाळीसच्या वर. वारा. बोटं चालत नाहीत.’

उर्वेनं माझ्याकडे पाहिलं.
त्या वर्षी आकडे भरायचं काम माझ्याकडे होतं.
‘वर’ हा शब्द चौकटीत बसत नव्हता,
चौकट फक्त आकडा घ्यायची.
काहीतरी टाकलं असणार मी. चहा निवत होता.
एकेचाळीस की त्रेचाळीस, आठवत नाही.

नऊ वर्षं त्या
डोळ्यांत तेल घालून माझा अंदाज राखत होत्या.
नक्कल करायला अक्कल लागत नाही.
इमान लागतं, ते त्यांच्याकडे भरपूर.

दुरुस्तीचा हुकूम साधा आहे.
तो साक्ष बदलत नाही, बेरीज बदलून घेतो:
लिहिलंय ते खरं धरायचं
आणि हातचा त्याला जुळवून घ्यायचा.
उर्वेनं एंटर दाबलं. आठाचं शून्य झालं.

मग तिनं तक्ता पुन्हा उघडला
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे नऊ वर्षं कुणी काही लिहिलं नव्हतं,
टाकलं: वारा होता.

पाचही दिवे एकदम लुकलुकले.