इतर, नऊ लारी

रविवारी जेवण उरकलं की वेनेरा वही काढते.
मरियमची सातवीतली भूगोलाची वही :
पुढून नद्या, डोंगर, बाईंचा लाल शेरा,
मागून, उलटी धरून, आमचा संसार.

मी समोर बसतो.
एकतीस वर्षं कुतैसीत बस चालवली मी,
आता स्टुलावर, हात मांडीवर,
विनातिकीट सापडलेल्या माणसासारखा.

ती वाचते.
वीज. गॅस. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या.
पाव, पाव, चीज, पाव.
ग्रामितोनच्या दुकानातली उधारी : शून्य.
हे शून्य ती थोडं थांबून वाचते,
पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखी.

सिगारेट?
अर्धं पाकीट लिही, मी म्हणतो.
अर्धं पाकीट मिळत नाही, ओतिया.
म्हणून मी हल्ली अर्धी ओढून विझवतो,
उरलेली कानामागे खोचतो
आणि तीच पुन्हा पेटवताना
तोंडात जुन्या राखेची चव येते, काटकसरीची.

याची सुरुवात माझ्या वाढदिवसापासून.
डेपोतले अकरा जण बोलावले होते,
दोन कोकरं, चाळीस लिटर वाइन,
मेलेल्यांसाठी पेला, जिवंतांसाठी पेला,
ज्यांचं नाव आठवत नव्हतं त्यांच्यासाठीही एक.
पाहुण्यांना कमी पडलं तर माझं नाक कापलं जाईल,
मी म्हणालो होतो.
जानेवारीत ती म्हणाली, नाक शाबूत आहे,
गॅस कापलाय.

त्या रात्री आम्ही दोघं एकाच खोलीत, कोट घालून.
तिनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली,
मरियम तिकडे इटलीत
परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना कूस बदलून देते.
त्या प्रत्येक कुशीचे पैसे इथे येतात.
मोजून खर्च कर.

तेव्हापासून वही.
टॅक्सी बंद. लॉटरी बंद.
बाजारात शेवटच्या तासाला जायचं,
टोमॅटोवर डाग असला तर डागाचे पैसे वळते करून घ्यायचे.
मी शिकलो. माणूस साठीतही गिअर बदलायला शिकतो,
आवाज होतो एवढंच.

पण प्रत्येक महिन्याच्या तळाशी एक ओळ :
इतर, नऊ लारी.

हे इतर म्हणजे काय?
मी विचारलं. छाती फुगवून विचारलं,
इतक्या रविवारांनी माझी पाळी आली होती.
इतर म्हणजे इतर, ती म्हणाली, आणि वही मिटली.

मग माझं डोकं चालू लागलं.
चर्चमधल्या मेणबत्त्या? बहिणीला गुपचूप?
नऊ लारींत माझी दीड पाकिटं येतात,
पुरती ओढता येतील अशी.

आणि परवा, गुरुवारी,
बाजाराच्या समोरच्या रस्त्यानं येताना
कॉफीच्या दुकानाच्या काचेआड वेनेरा.
एकटी. डोक्यावरचा रुमाल सोडलेला.
पुढ्यात एक कप, थरांच्या केकचा एक तुकडा,
आणि ती तो खात होती असा,
की एकेक थर सुटा करून, काट्यानं,
जणू कुणी वाट पाहत नाही कुठेच.
पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती.
ती कशाचाच हिशोब करत नव्हती. हे मला काचेबाहेरून कळलं,
कारण हिशोब करताना तिचा अंगठा बोटांवर चालतो
आणि तो कपावर निवांत पडला होता.

आत जाणार होतो. दारापर्यंत गेलो.
पण दोघांचे अठरा झाले असते.

पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, मग घरापर्यंतच चालत.
कानामागची पेटवली, अर्धीची अर्धी.

आज रविवार.
गोळ्या, पाव, पाव. उधारी शून्य.
इतर, ती वाचते, नऊ लारी,
आणि वहीवरून नजर वर करून थांबते.

मी खोकतो.
तिकडे केकचे भाव वाढलेत म्हणे, मी म्हणतो,
दहा धर.