मेडिकलची पायरी

अमळनेरला, स्टँडमागच्या बोळात माझं मेडिकल.
काचेपुढे मांडलेल्या बाटल्या,
एक हिरवी, एक सोनेरी, एकीवर सिंह,
एकीवर दंड फुगवलेलं पोरगं.
'ताकद आतून वाढवा', चमच्यामागे चौदा रुपये.
मी विकतो. खोटं कशाला बोलू,
घराचा हप्ता सिंहच भरतो.

खाली पायरीवर भुराबाई बसते,
थंडीत वांगी, आंबट चुका,
उन्हाळ्यात शेवगा, लिंबं.
बोरीपलीकडून पायी येते, पायी जाते.
बावीस वर्षांत माझ्याकडून तिनं घेतलं
कापसाचं एक बंडल,
तेही गायीच्या खुरासाठी.

मी मात्र महिन्याआड शिंकतो.
"दुकानातला माल दुकानदारच संपवतो,"
सुनंदा हसून म्हणते. मग हसत नाही.
साडेबाराला शटर,
गार झालेली शेवभाजी, वर तरंगणारं तेल,
मग मोबाइल, मग अजून थोडा मोबाइल,
दोनला डोळा. सातला गोळी.

एकदा नाक पुसता पुसता विचारलं,
मावशी, तू खाते तरी काय गं?
ती वांग्यांवर पाणी शिंपडत होती.
"भाकर खास. आखो काय खाऊ?"
आणि वर न बघताच,
"रातले जागस तू.
झोप कोनता डबामा येस, दखाड बरं माले."

मी कपाटाकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

यानं काही माझं डोकं ठिकाणावर आलं नाही.
आलं ते चैत्रात, डीपी जळाली तेव्हा.
बोळात तीन रात्री वीज नाही,
आठलाच शटर, गादी गच्चीवर.
पहिली रात्र कुशी बदलण्यात गेली.
दुसऱ्या रात्री सुरतेकडची गाडी ऐकली,
इतक्या वर्षांत ती आमच्या घरावरून जाते
हे मला माहीतच नव्हतं.
तिसऱ्या रात्रीचं काही आठवत नाही.
तिला झोप म्हणत असावेत.

पहाटे आपसूक उठलो, नदीकडे निघालो.
पुलावर समोरून भुराबाई, डोक्यावर टोपलं.
मागे वळून तिच्याबरोबर चाललो,
म्हणजे तिच्या मागून चाललो.
तिचा श्वास ऐकू येत नव्हता.
माझाच येत होता, फुटक्या भात्यासारखा.
पायरीवर तिनं फडकं सोडलं,
कळण्याची भाकर, लसणाचा खुडा,
अर्धी मला. नाश्त्याची बिस्किटं
त्या दिवशी ड्रॉवरमध्येच राहिली.

वीज आली. सवय तशीच राहिली.
आता साडेनऊला बंद करतो.
रात्रीचा गल्ला गेला, त्याचा हिशोब
वहीच्या मागच्या पानावर आहे, सुनंदाला माहीत आहे.
तातडीचं काही असलं की लोक घरी हाक मारतात,
मी उठतो, देतो, परत झोपतो.
पुलापर्यंत जातो. पावसात चार दिवस नाही गेलो.
एकदा मध्यरात्री शेवभाजीही हाणली.

भादव्यात पायरी रिकामी दिसली.
एक दिवस. दोन दिवस. तीन.
मी सिंहाकडे बघत बसलो
आणि मनात काहीबाही आलं,
बघा, तीसुद्धा.
लाज वाटली. तरी आलं.
चौथ्या दिवशी गोळ्यांची पट्टी खिशात घालून
पूल ओलांडायचं ठरवलं,
पाचव्या दिवशी ती पायरीवर,
गालफडं बसलेली, चुक्याच्या जुड्या ताज्या.
"ताप उना. चार दिन पाव्हना ऱ्हायना. गया."
एवढंच. जुडी केवढ्याला, तेही सांगितलं,
दोन रुपये वाढवून.

पट्टी खिशातच राहिली.
ताप हिच्याकडेही येतो तर.
फक्त त्याला इथे मुक्काम ठोकायला
रिकामी खोली मिळत नसावी.

काल एक तरुण आला, डोळ्यांखाली काळं,
सोनेरी बाटली मागितली. दिली.
देता देता विचारलं,
रात्री किती वाजता झोपता?
त्यानं असं पाहिलं
जणू मी त्याचा पगार विचारला.

पायरीवरून खुदकन् आवाज आला.
मी मान खाली घालून सुटे पैसे मोजले.