तिमाही अहवाल

नगरच्या मिशन कचेरीतून दर तीन महिन्यांनी
छापील फॉर्म येतो. रकाने आठ.
हे जेवणाच्या टेबलाशी चष्मा पुसत बसतात
आणि मी कांदा चिरता चिरता आकडे सांगते.

उपासनेस हजर : अकरा.
वादळी रविवारी सात,
पॉवेलबाईंचा कुत्रा धरला तर आठ.
"कुत्रा धरत नसतात," हे म्हणतात.
प्रवचनभर जागा तो एकटाच असतो,
हे मी बोलत नाही. कांदा चिरते.

बाप्तिस्मे : शून्य. विवाह : शून्य. अंत्यविधी : चार.

ट्रेओर्कीच्या या टेकड्या हिरव्यागार दिसतात
पण पोस्टमन म्हणतो, बाई, पायाखाली खाणीचा गाळ आहे,
गवत काय, कशावरही उगवतं.
खाण चालू होती तेव्हा सालेम चॅपलमध्ये
सहाशे माणसं चार पट्ट्यांत गायची, खिडक्या थरथरायच्या.
आता वरच्या गॅलरीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.
महिन्यातून एकदा वर जाते, कबुतरांची घाण खरवडते,
आणि खाली येताना जिना मोजते, उगाचच.

हे सभेत सांगतात : याच देशातल्या एका मडमेनं
माझ्या पणजीला शेवगावात अक्षर शिकवलं,
त्याची फेड करायला आम्ही आलो.
लोक माना डोलावतात, मग चहा पितात.
मला नाही वाटत फेड वगैरे.
पणजीनं पाटी मागितली होती, उधारी नव्हती मागितली.
आणि आम्ही आलो त्या दिवशी विमानतळावर
माझ्या लसणाच्या चटणीला साहेबानं तीनदा हुंगलं होतं.

वाघचौरे हे नाव इथं कुणाच्या जिभेवर बसत नाही.
रेव्हरंड वॉग, म्हणतात. प्रेमानं म्हणतात.

मंगळवारी चॅपलच्या मागच्या खोलीत धान्यवाटप.
बीन्सचे डबे, पास्ता, लंगोटांचे पुडे.
एक पोरगी बाळ काखेत घेऊन दाराबाहेरच घुटमळते,
मी तिला आत ये म्हणत नाही,
पिशव्या उचलायला जरा हात लाव, म्हणते.
मग येते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते छापलेलं नाही.

पगार पुरत नाही म्हणून आठवड्यातून तीन रात्री
मी वृद्धाश्रमात काम करते.
तिथं ग्वेनलियन प्राइस होत्या, वय एक्क्याण्णव.
शेवटच्या महिन्यात त्यांचं इंग्रजी गेलं,
चुन्याची भिंत ओल धरून पोपडे सोडते, तसं.
खाली उरलं ते वेल्श, लहानपणीचं.
मला त्या भाषेतला एकच शब्द येत होता,
आमच्या एलियानं शाळेतून आणलेला : दिओल्ख.
म्हणजे उपकार झाले.
तो हल्ली जेवणाआधी वेल्शमध्ये प्रार्थना करतो,
काय मागतो देव जाणे, बहुधा फुटबॉलचे बूट.

त्या रात्री त्यांनी माझं बोट धरलं आणि बोलत राहिल्या.
मी पाय पुसत होते, कोमट पाण्यानं, नखांपर्यंत.
मग मीही बोलू लागले, मराठीत,
आधी प्रार्थना, ती संपली तेव्हा
आईच्या दम्याचं, शेवगावच्या विहिरीचं,
एलियाला लागलेल्या चष्म्याचं, बॉयलरचं.
दोघींनाही एकमेकींचं काही कळत नव्हतं
आणि दोघींनीही मध्ये मध्ये "हं" म्हटलं.
पहाटे पावणेपाचला त्यांनी बोट सोडलं.
मी म्हटलं, दिओल्ख.
मग नर्सला हाक मारली आणि बादली ओतून आले.

त्या चारांतल्या चौथ्या त्या.

शेवटचा रकाना : शेरा.
ह्यांनी लिहिलं, "बॉयलर बंद आहे. प्रार्थनेत आठवण असावी."
सही केली, चष्मा काढला, झोपायला गेले.
मी भांडी घासली, पोराचा डबा भरून ठेवला,
मग ह्यांचंच पेन उचललं आणि
अकरामधल्या दुसऱ्या एकाला
खाली हळूच शेपूट काढलं.