कच्चं वाचन

अहवाल फार सावकाश येतो, अशी ओरड होती,
म्हणून अकरा वर्षांपूर्वी डेरेक कोलक्लॉने
टेबलाच्या नावापुढे एक शब्द टाकला: नोलॉक.
म्हणजे, कुणी लिहीत असलं तरी थांबू नकोस,
खांद्यावरून डोकावून वाच आणि चालू लाग.
अहवाल सशासारखा पळायला लागला.
शुक्रवारी त्याच्यासाठी केक आला.

मी स्टोकला आले तेव्हा तो शब्द
एकेचाळीस ठिकाणी रुजला होता.
दोन ठिकाणी मीही लावला. खोटं कशाला बोलू.

मार्चमधल्या एका मंगळवारी, पहाटे तीन बाराला,
वॉर्ड एकोणीसमध्ये रात्रपाळीच्या ग्लेनिसने
सात नंबरच्या खाटेपुढे 'मृत्यू' निवडलं.
अजून कमिट व्हायचं होतं, तेवढ्यात तिचं बोट अडलं.
गेले होते ते सतरा नंबरचे आजोबा.
सातमधले नॉर्मन शेन्टन तर घोरत होते,
तिला टेबलापर्यंत ऐकू येत होतं.
तिने रद्द केलं. डेटाबेसने निमूटपणे
सगळं होतं तसं केलं,
जणू कुणी काही लिहिलंच नव्हतं.
एकूण चाळीस सेकंद.

त्या चाळीस सेकंदांत अहवाल येऊन गेला.
शाई ओली होती, त्याला काय त्याचं.
खाट रिकामी. यादी छापली.
आणि सहा वाजता मऊ आवाजाच्या एका मुलाने
लाँगटनला मिसेस शेन्टनना फोन लावला.

बार्शीला माझे काका अडत दुकानात दिवाणजी होते.
कच्च्या वहीत पेन्सिल, पक्क्या वहीत शाई,
आणि कच्ची वही ते मांडीखाली घेऊन बसत.
खुद्द मालकाने मागितली तरी म्हणत,
"शेठ, दिवेलागणीला या."

हे डेरेकला सांगितलं, तर तो म्हणाला,
माझी आई बर्स्लेमच्या कारखान्यात
कपांना कान लावायची.
भट्टीत जाण्याआधीही कप कपच दिसतो,
शेल्फावर ओळीने ठेवला तर ओळखू येत नाही.
चहा ओतून बघ. हातात चिखल येतो.
मग तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला,
त्या ओळीवर अजूनही त्याच्या नावाची आद्याक्षरं होती.

चौकशीला मिसेस शेन्टन स्वतः आल्या.
निळा कोट, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली.
मी पन्नास मिनिटं विधवा होते, म्हणाल्या.
मुलाला कॅनडात झोपेतून उठवलं.
ह्यांचा रेडिओ बंद केला, तो कधी बंद नसतो.
ह्यांच्या सपाता पिशवीत भरल्या.
मग खुर्चीत बसले, आणि बाई, इतकं हलकं...
इथे त्या थांबल्या.
पर्सची कडी उघडली, मिटली.
"घर शांत होतं, एवढंच," म्हणाल्या.
बैठकीचा वृत्तांत लिहिणाऱ्या बाईंनी
तेवढंच लिहिलं.

पण मी वाचलं होतं.

आता त्रेचाळीसही ठिकाणांहून तो शब्द काढलाय.
स्क्रीनवर चक्र फिरत राहतं.
वॉर्डातून फोन येतात, कुठे अडलंय?
कुणीतरी लिहितंय, मी सांगते. लिहून होऊ दे.
पलीकडून उसासा. कधी शिवीही.
केक अर्थातच नाही.

नॉर्मन शेन्टन एप्रिलमध्ये घरी गेले,
तारीख पक्की आहे, मी दोनदा पाहिली.
सपाता पिशवीतून बाहेर आल्या असतील.
रेडिओ पुन्हा लागला असेल.
कुणी लावला, ते मला इथून दिसत नाही.