दोन सेकंदांना एक

"सूर ऐकू नकोस, मोज," हेल्दुर म्हणाला,
आणि एका पट्टीच्या तीन तारांपैकी
तिसरीशी खुपसली नमद्याची पाचर.

तार्तूची शाळा. जानेवारी.
उरलेल्या दोघी वाजल्या: व्वँ-व्वँ-व्वँ-व्वँ,
बर्फात चाक फसलेल्या मोटारीसारख्या.
सेकंदाला चार.
किल्ली केसभर फिरवली: तीन.
मग दोन.
मग एकच, झोपलेल्या गायीच्या श्वासाएवढा लांब.
मग नाहीच.

"ताल कुठे गेला?"
"सुरात," म्हणाला, आणि थर्मासचं झाकण शोधू लागला.

दुपारी पंचम माझ्या हाती दिला.
मी एकूणएक ठोका पुसला,
काचेसारखा स्वच्छ केला
आणि त्याच्याकडे बघत राहिले.
त्याने किल्ली उलटी फिरवली. जराशी.
"इतका खरा नको.
दोन सेकंदांना एक ठोका राहू दे.
या खोटेपणावर बाराही पट्ट्यांचा संसार चालतो."

चारला गायनवर्गाची पोरं आली,
ओले मोजे, लाल नाकं,
काळी चारमध्ये गायली, मग पांढरी एकमध्ये.
कुणालाच कळलं नाही
मी मुद्दाम ठेवलेलं ते उणं.

रात्री बसमध्ये
हातमोज्याच्या आत बोट हलत होतं:
एक

एक