दुसऱ्या सीझनमधलं प्रेत

ते प्रेत मी होते.
दुसरा सीझन, तिसरा भाग, पहिली चार मिनिटं:
किनेडारच्या गोट्यांवर पालथी,
अंगात निळा स्वेटर, एका पायात बूट नाही.
फेब्रुवारीत अकरा तास पडून होते.
मेकअपवाली पोरगी ओठ जांभळे करायला आली
तर ते आधीच झालेले.
दोन टेकच्या मध्ये कुणीतरी
पोटाखाली गरम पाण्याची पिशवी सरकवायचं
आणि कॅमेरा फिरायच्या आत ओढून घ्यायचं.
मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय
ते मला विचारा.

काल शेवटचा भाग झाला. सहावा सीझन.
स्ट्रूअनच्या पबात पाय ठेवायला जागा नव्हती.
कारखान्यातली दुसरी पाळी तासभर आधीच सोडली,
मुकादम म्हणाला, नाहीतर बोटं कापून घ्याल,
माशांपेक्षा तुमचीच जास्त भरतील डब्यात.
पडद्यावर आमचाच धक्का, आमचंच बर्फघर.
ग्रिझेल म्हातारीच्या खिडकीचा पडदा दिसला
की ती टाळी वाजवते. सहा वर्षं वाजवतेय.

खुनी निघाला बंदराचा अधिकारी,
आजवर धुतल्या तांदळासारखा.
‘मी पहिल्याच सीझनला म्हटलं होतं,’
एकदम नऊजण म्हणाले.
मग इन्स्पेक्टर कॅल्डर फेरीत चढली,
मागे वळून पाहिलं नाही,
आणि कॅमेरा दीड मिनिट नुसता समुद्र बघत बसला.
स्ट्रूअननं उठून टीव्हीला थाप मारली.
त्याला वाटलं, बंद पडला.

नंतर जे सुरू झालं ते आणखी दोन भाग पुरलं असतं.
चौथ्यापर्यंत सोनं होतं हो, पाचव्यात लेखक बदलला तिथंच माती.
ती घटस्फोटाची भानगड कशाला घुसवली?
व्हारीनं रडून रुमाल ओला केला,
पण कशासाठी ते सांगता येईना तिला.
शाळेतली मॉर्व्हेन म्हणाली,
न सांगणं हाच शेवट आहे, समजून घ्या.
त्यावर हेक्टरनं ग्लास असा आपटला
की बिअर थेट डार्टच्या फळ्यावर.
‘सांगायचं नव्हतं तर सहा वर्षं बसवलं कशाला?
कुणी केलं, कुठे टाकलं,
सरळ दोन वाक्यांत सांगता येत नाही?’
कुणी काही बोललं नाही.
त्याच्या भावाची बोट एकोणनव्वद साली गेली ती गेलीच.
चौकशीच्या कागदावर अजून
‘कारण निश्चित नाही’ एवढंच लिहिलेलं आहे.
स्ट्रूअननं दुसरा ग्लास भरून पुढे ठेवला,
पैसे घेतले नाहीत.

मला फक्त एक विचारायचं होतं.
माझा खून कुणी केला?
तिसऱ्या सीझनमध्ये कॅल्डर फोनवर म्हणते,
‘किनाऱ्यावरच्या त्या बाईचं नंतर बघू.’
ते नंतर आलंच नाही.
भिजत घोंगडं म्हणतात तसं झालं माझं,
आणि भिजले तर खरीच होते.
नावांच्या यादीत मला नाव नाही:
‘स्त्री, किनाऱ्यावर.’
व्हारीला विचारलं तर म्हणाली, अगं, तू होतीस का त्यात?

माझ्या आयल्साला मात्र आठवतं.
तेव्हा आठ वर्षांची होती.
तो भाग बघून झाल्यावर आठवडाभर
चहा देताना माझ्या मानेला बोट लावून बघायची,
काही न बोलता,
पाव गरम आहे का बघावं तसं.

रात्री घरी जाताना मी वाट सोडून खाली उतरले.
जागा सापडली; गंजकी साखळी अजून तिथंच आहे.
कोणी नाही असं बघून आडवी झाले,
या वेळी उताणी.
तेव्हा आकाश दिसलंच नव्हतं मला.
पाठीत गोटे टोचत होते, गुडघा कुरकुरला,
लांब कुठेतरी फेरीचा दिवा, खरीखुरी, साडेअकराची.

डंकनचा कुत्रा आला आणि तोंड चाटायला लागला.
शूटिंगच्या दिवशीही त्यानं असाच घोळ घातला होता,
सात टेक वाया गेले.
मागून डंकनची बॅटरी:
‘कोण आहे? ठीक आहात ना?’

‘उठतेय,’ म्हटलं,
‘जरा हात दे.’